थोरलीचा फोन

आपल्या पैशाने घेतलेल्या फोनला कंपनीचं कुलूप कशाला, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तेव्हा मी भयंकर रागात होते. रागात असले की माझं डोकं बरं चालतं. फोनची काच धड, बॅटरी धड, कॅमेरा धड, आणि दुकानदार मला सांगत होता, "मॅडम, याला आता नवीन अपडेट येत नाही, दुसरा घेऊन टाका." घाटंजीत लोक फाटक्या ताडपत्रीचेही चार उपयोग काढतात, आणि हा मला धडधाकट वस्तू फेकायला सांगत होता. मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. त्यामुळे लॅपटॉप होता, नेट होतं, आणि दुपारच्या उन्हात गिऱ्हाईक फिरकत नसे. त्या रिकाम्या दुपारींत मी शोधत गेले आणि मला बूटलोडर हा प्रकार कळला. फोन सुरू केला की सगळ्यात आधी हा जागा होतो आणि कंपनीचं सॉफ्टवेअर सोडून दुसऱ्या कोणालाही आत घेत नाही, फाटकावरच्या खडूस चौकीदारासारखा. त्याचं कुलूप उघडता आलं की जुन्या फोनात नवं सॉफ्टवेअर घालता येतं. आणि ते नवं सॉफ्टवेअर जगभरातले हौशी लोक घरी बसून तयार करतात आणि फुकट वाटतात. हे वाचल्यावर मला इतका आनंद झाला की मी दुकानात एकटीच हसले.

माझा फोन मी पहिल्या झटक्यात मारला. पार काळा, हूं नाही की चूं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत झटून जिवंतही केला. नवा कोरा पडदा उजळला तेव्हा मी असा काही ओरडा केला की शेजारचा पंक्चरवाला टायर टाकून धावत आला. तेव्हापासून मला हा नाद लागला. नणंदेचा फोन केला, माहेरी जाऊन भावाचा केला. आमचे हे मात्र आपला फोन उशीखाली घेऊन झोपायला लागले.

माझ्या थोरल्या जाऊबाई, मी त्यांना ताई म्हणते, या नादाकडे लांबून कौतुकाने बघायच्या. आमच्या चुली वेगळ्या, पण अंगण एक. त्यांची एकुलती एक मुलगी चेन्नईला एका दवाखान्यात नर्स आहे. तिने पहिल्या पगारातून आईला फोन घेऊन दिला आणि जाताना म्हणाली, "आई, मी रोज संध्याकाळी याच्यातून घरी येत जाईन." ती खरंच रोज यायची. दिवेलागणीला ताई फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवत, पोरगी तिकडून दिवसभराचं सांगे, ताई इकडे भाकरी थापत. त्या वेळेला त्यांच्याकडे गेलं की "बस व, पोरगी आली हाये," असं म्हणत. फोन आला असं त्या कधीच म्हणत नसत.

आणि एके दिवशी, सोयाबीन कापणीच्या गडबडीत, ताई फोन घेऊन माझ्या दारात आल्या.

"हे काय लिहून आलं व? पाह्य बरं."

मी वाचलं. त्यांचा फोन जुना झाला म्हणून व्हिडिओ कॉलचं ॲप त्यात लवकरच बंद होणार होतं. तारीख कोजागिरीच्या आधीची होती.

"काहून? म्या काय केलं त्याले?"

"तुमी काही नाई केलं ताई. त्यायले वाटते तुमी नवा फोन घ्यावा."

"मले नाई पायजे नवा. हा पोरीनं देल्ला."

तारीख कोजागिरीच्या आधीची आहे असं सांगताच त्यांचा चेहरा उतरला, आणि तो का ते मला लगेच कळलं. आमच्याकडे कोजागिरीला आई आपल्या थोरल्या लेकराला ओवाळते. पोरगी चेन्नईला गेल्यापासून ताई तिला फोनवरच ओवाळत. पाट, पाटावर फोन, फोनात पोरगी, सगळं साग्रसंगीत. मी म्हटलं, माझ्या फोनवरून ओवाळा की. त्या म्हणाल्या, "तुह्या फोनात ते तुह्या घरी आल्यावानी वाटते व. माह्या घरी नाई येत मंग." मी शब्द देऊन टाकला, "कोजागिरीले तुमची पोरगी तुमच्याच फोनातून येईन."

आधी त्यांचे सगळे फोटो लॅपटॉपवर काढून ठेवले, कारण कुलूप उघडलं की फोन आतून धुऊन निघतो, काही म्हणता काही उरत नाही. बँकेचं ॲप त्यात नव्हतंच. असतं तर मी दहा वेळा विचार केला असता, कारण कुलूप काढलेल्या फोनात ती ॲप्स रुसतात. मग सेटिंगमध्ये एका ओळीवर टकटक टिचक्या मारत राहिले, तशी खाली अक्षरं उमटली की अभिनंदन, तुम्ही आता डेव्हलपर आहात.

"म्हंजे मी काय झाली?" ताईंनी विचारलं.

"इंजिनिअर झाल्या तुमी."

"बरं झालं. यायले सांगतो." आणि खरंच त्यांनी अंगणात जाऊन माझ्या भासऱ्यांना, म्हणजे आपल्या नवऱ्याला, सांगितलं.

कुलूप उघडायला कंपनीची परवानगी लागते. कंपनी लगेच हो म्हणत नाही, मुलगी पाहून गेलेल्या लोकांसारखी 'कळवतो' म्हणते आणि दिवस घालवते. आमची परवानगी दसऱ्याच्या सुमाराला मिळणार होती. तोवर मी त्यांच्या फोनला जुळणारं सॉफ्टवेअर शोधून ठेवलं. परदेशातल्या कुणा एका माणसाने ते बनवलं होतं. त्याच्याकडेही हाच फोन होता आणि त्यालाही तो फेकायचा नव्हता, एवढंच त्याने लिहिलं होतं. मला तो माणूस एकदम आपला वाटला.

मग दसरा आला. कापसाच्या पहिल्या वेचणीच्या आधी शेतात दहीभात ठेवणारं आमचं घर, दसऱ्याला तर विचारू नका. विळे, फवारणीचा पंप, मोटरसायकल, शिलाई मशीन, पाटावरवंटा, सगळ्यांची पूजा. माझ्या लॅपटॉपवर मी डोळ्यांत तेल घालून पहारा दिला आणि झाकणावर एक बोट कुंकू एवढीच परवानगी दिली. ताईंच्या फोनाकडे माझं लक्ष नव्हतं. नंतर पाहिला तर तो विळ्याच्या शेजारी झेंडूखाली झोपला होता, हळदीकुंकवाने पार माखलेला. मी पदराने पुसला आणि आपट्याची पानं वाटायला निघून गेले.

त्या संध्याकाळी पोरीचा कॉल आलेला ताईंना ऐकूच आला नाही. फोनचा आवाज पार बंद झाला होता. मला वाटलं, पूजेत कुणाचं बोट लागलं असेल. आवाज वाढवला, तो पुन्हा आपोआप खाली आला. जुना झालाय, उद्या सगळंच नवं होणार आहे, असं म्हणून मी सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शस्त्रक्रिया. ताई समोर हात जोडून बसल्या. फोन बंद करून, आवाज कमी करायचं बटण दाबून धरून सुरू केला, की तो नेहमीसारखा उघडत नाही, एका दुरुस्तीच्या पानावर येऊन थांबतो. ताईंचा फोन तर मी बटण नीट दाबायच्या आतच त्या पानावर आला. "पाह्यलं ताई? हात बसला हाये माहा," मी फुशारकी मारली. केबल जोडली, हुकूम सोडला. पडद्यावर लांबलचक इशारा आला.

"काय म्हणते तो?"

"धमकी देऊन राह्यला. कुलूप काढलं तर आमी जबाबदार नाई म्हणते."

"याच्या आधी कोनते जबाबदार होते?" ताई म्हणाल्या, आणि मी हसत हसत कुलूप काढलं.

सगळं सुरळीत झालं. नवं सॉफ्टवेअर आत गेलं, 'पूर्ण झालं' असं उमटलं. मी ऐटीत फोन पुन्हा सुरू केला. तो उघडला दुरुस्तीच्या पानावर. पुन्हा केला. पुन्हा तेच पान. संध्याकाळी पोरीचा कॉल यायची वेळ झाली आणि ताईंचा फोन हुकमाची वाट पाहत त्या पानावरच बसून राहिला.

पुढचे दिवस मी त्या पानाशी भांडले. केबल बदलली, सॉफ्टवेअर बदललं, तेच सॉफ्टवेअर पुन्हा घातलं. दुकानात फॉर्म भरायला आलेल्या लोकांवर खेकसले. त्या परदेशी माणसाला लिहून विचारलं. त्याने एका ओळीत उत्तर दिलं: आवाज कमी करायचं बटण अडकलं आहे का बघा. मला राग आला. हा मला काय कालची पोर समजतो? बटण मी रोज दाबत होते, दिसायला ठीक होतं. मी उत्तरच दिलं नाही.

ताईंकडे मला पाहवेना. दिवेलागणीला त्या सवयीने फोन डब्याला टेकवून ठेवत आणि भाकरी थापत. पोरगी माझ्या फोनवर कॉल करी, मी तो त्यांच्या चुलीपाशी नेऊन देई, आणि ताई पाहुण्यांसमोर बोलावं तसं दोन वाक्यं बोलून परत करीत. "जेवली काय? बरं. ठेवतो." ही तीच बाई, जी एरवी पोरीला आळीतल्या मांजरीच्या बाळंतपणापर्यंत सगळं सांगत असे. मला स्वतःचाच संताप आला. कशाला शब्द दिला, कशाला हात लावला, असं मी यांच्याजवळ बोलले आणि चक्क रडले. यांनी उशीखालून आपला फोन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "घे, याच्यावर राग काढ." तेवढ्या दुःखातही मला हसू आलं.

रोज सकाळी ताई तो निपचित फोन देवापुढे ठेवत, आणि मग मी तो दुकानात नेत असे. माझा अंगठा रोज लाल होई. मी तो पदराला पुसे आणि कामाला लागे. इतकी हुशार मी.

कोजागिरीच्या दिवशी आळीतल्या पोरींची भुलाबाई सकाळपासूनच सुरू झाली होती. त्यांची गाणी ऐकत मी फोन आणायला ताईंच्या देवघरात गेले. फोनवर मुंग्या होत्या. देवाच्या पाटावरून निघालेली बारीक लाल मुंग्यांची रांग फोनच्या कडेवर चढत होती आणि बरोबर आवाजाच्या बटणाशी जाऊन थांबत होती. पडदा नाही, चार्जिंगची जागा नाही, फक्त ते बटण.

मी बटणाला बोट लावून चाखलं. गोड.

"ताई!"

त्या पदराला हात पुसत आल्या. "काय झालं व?"

"फोनले गूळ कोणं लावला?"

"म्याच. नैवेद्य दाखवला. दसऱ्याले दाखवला आन् मंग रोजच दाखवून राह्यली, बिमार हाये म्हून."

"आन् या कडीले काहून लावला?"

ताई जरा लाजल्या. "तोंड कुठं हाये ते समजे ना मले. हे बारकं बारकं दिसलं, म्हटलं हेच असन."

मी मटकन खाली बसले आणि पोट धरून हसले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. ओलं कुंकू आणि गूळ यांची खळ बटणात जाऊन वाळली होती. बटण बाहेरून मोकळं दिसत होतं, पण आतून कायमचं दाबलेलं होतं. त्यामुळे फोन दर वेळी समजत होता की मीच ते दाबून धरलं आहे, आणि आज्ञाधारकपणे दुरुस्तीच्या पानावर जात होता. दसऱ्याच्या संध्याकाळी आवाज गेला तोही यानेच. माझं सॉफ्टवेअर पहिल्याच दिवशी नीट बसलं होतं. मी उगीच त्याच्या उरावर बसले होते, आणि ताई रोज सकाळी फोनला बरं वाटावं म्हणून त्यात थोडा थोडा गूळ भरत होत्या.

"म्या बिघडवला काय व?" ताईंचा आवाज एवढासा झाला होता.

"नाई ताई. तुमी जेवू घातलं त्याले. जास्त झालं."

सुईने कडा मोकळी केली. फुलवात स्पिरिटमध्ये बुडवून बटणाभोवती फिरवली, ती लालभडक निघाली, दुसरी फिरवली, तिसरी फिरवली. शेवटी बटणाने टक् असा स्वच्छ आवाज केला. तसा आवाज मी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. फोन सुरू केला. दुरुस्तीचं पान आलं नाही. पडद्यावर एक ठिपका गोल गोल फिरू लागला, फिरत राहिला, आणि मग नवा निळा पडदा उघडला. मी ओरडले. ताई ओरडल्या. बाहेर भुलाबाईच्या पोरी गाणं थांबवून दारात जमा झाल्या, त्यांनाही काय झालं ते न कळता त्या टाळ्या वाजवू लागल्या.

दुपारी व्हिडिओ कॉलचं ॲप पुन्हा घातलं, ते निमूट सुरू झालं, आणि मग मी त्या परदेशी माणसाला मुंग्यांचा फोटो पाठवून माफी मागितली. तो खूप हसला असावा, कारण त्याने हसरे चेहरेच चेहरे पाठवले आणि विचारलं, गूळ म्हणजे काय? मी लिहिलं, उसाच्या रसाचा असतो, शुभ कामाला लागतो. त्याच्या सूचनांच्या पानावर आता सगळ्यात वर एक नवी ओळ आहे: सुरू करण्याआधी बटणांत गोड पदार्थ नाही याची खात्री करा. ती ओळ घाटंजीची आहे हे त्याला आणि मलाच माहीत.

संध्याकाळी चंद्र वर आला. अंगणात भासरे आणि हे दूध आटवत होते आणि साखर किती यावरून वाद घालत होते. ताईंनी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, पाटावर तांदळाचा डबा आणि डब्याला टेकवून फोन. फोन वाजला, मोठ्याने, खणखणीत. ताईंनी बोट फिरवलं आणि पोरगी घरी आली.

"आई! काकूनं केला काय दुरुस्त?"

"तुही काकू मोठी डॉक्टर हाये," ताई म्हणाल्या. मग एका दमात त्यांनी तिला गूळ, मुंग्या, मांजरीची पिल्लं, सगळं सांगून टाकलं. पोरगी तिकडे हॉस्टेलच्या खोलीत हसून लोळत होती. मी भिंतीला टेकून नुसती ऐकत बसले. मला त्या वेळी काहीच नको होतं.

ताईंनी निरांजन लावलं. बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले होते. आधी त्यांनी पदराने फोनची काच नीट पुसली, मग करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवून समोरच्या कपाळावर टेकवलं. मी पाहिलं आणि मला हसू फुटलं. पदर फिरवताना त्यांचा हात कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीला लागला होता आणि चित्रांची अदलाबदल झाली होती. पोरगी कोपऱ्यात गेली होती, आणि पडद्यावर मोठ्या झालेल्या स्वतःच्याच कपाळाला ताईंनी कुंकू लावलं होतं.

"ताई, हे तुमी हाव."

त्यांनी डोळे पुसून पाहिलं. मला वाटलं, त्या हसतील. त्या पाहतच राहिल्या.

"मी बी थोरलीच होती व," त्या हळूच म्हणाल्या. "माही माय होती तवा कोजागिरीले मले ओवाळे. माय गेली तवापासून कोणं नाई ओवाळलं."

इतकी वर्षं एका अंगणात राहिलो. त्या भावंडांत थोरल्या आहेत हे मला माहीत होतं. पण हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही. ताई म्हणजे ओवाळणारी बाई, एवढंच मी धरून चालले होते.

फोनच्या कोपऱ्यातून पोरगी म्हणाली, "काकू, ताट घे ना तू."

मी उठले. ताईंना पाटावर बसवलं, फोन त्यांच्या मांडीवर दिला. त्या नाही नाही म्हणत होत्या आणि सरळ होऊन बसतही होत्या. मी त्यांच्या खऱ्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, दोघींना मिळून ओवाळलं, मायलेकी एकाच पाटावर. नंतर त्यांच्या पाया पडले. पोरगी तिकडून टाळ्या वाजवत होती. अंगणातून यांनी हाक मारली की दूध झालं, या लवकर, भाऊ सगळी साखर टाकून राह्यला.

तेव्हापासून दर कोजागिरीला आधी ताई पोरीला ओवाळतात आणि मग मी ताईंना. फोन तोच आहे. कुंकू काचेला लागतं आणि मी ते सकाळपर्यंत पुसत नाही. फक्त ताट हातात घेण्याआधी फोनच्या बटणांवर चिकटपट्टी लावते.